अर्धं तुतीचं, अर्धं निळं: छोट्या सैनिकांवर दोन रंगांची रेष नीट कशी आणायची

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, या कामाला हात दगडासारखा स्थिर लागतो वगैरे जे म्हणतात ते निम्मं खोटं आहे. माझा हात स्थिर नाही, दोन कप चहा झाल्यावर तर अजिबातच नाही, तरी कपाटात चाळीसेक सैनिक उभे आहेत, प्रत्येकाची छाती मधोमध दोन रंगांत वाटलेली, आणि रेष बऱ्यापैकी सरळ. पहिल्या फटक्यात सरळ आलीय असं एकदाही झालेलं नाही. आधी वाकडी येते, मग एकदा इकडून एकदा तिकडून ढकलत ढकलत ती जागेवर आणायची. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते आणि हातही आपोआप कमी थरथरतो.

मी रंगवतो ते २८ मिलिमीटरचे, इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धांचे, म्हणजे वॉर्स ऑफ द रोझेसचे सैनिक (पंधराव्या शतकात यॉर्क आणि लँकेस्टर घराणी गादीसाठी भांडली ती युद्धं). पेरी मिनिएचर्स कंपनीचा प्लास्टिकचा एक बॉक्स आहे, बिलवाले (बिल म्हणजे लांब दांड्याचं, आकडीसारख्या पात्याचं शस्त्र) आणि धनुष्यवाले मिळून ४० जण, तिथून सुरुवात केली. त्या काळी सरदार आपल्या माणसांना स्वतःच्या रंगाचं जॅकेट द्यायचा, त्यालाच लिव्हरी म्हणतात, आणि बऱ्याच सरदारांचे रंग दोन असायचे. यॉर्क घराण्याचे मरी आणि निळा, ट्यूडरांचे पांढरा आणि हिरवा, बकिंगहॅमच्या स्टॅफर्डांचे लाल आणि काळा. समुद्रापलीकडे बर्गंडीच्या ड्यूक चार्ल्सचं सैन्य अर्धं पांढरं अर्धं निळं आणि वर लाल तिरपा क्रॉस, ते तर रंगवणाऱ्याचा अंत बघतं. मरी म्हणजे तुतीचा रंग, लालसर जांभळट, आपल्याकडे पिकलेलं तूत बोटाला लागल्यावर जो डाग पडतो ना तोच. आईने पहिली तुकडी बघितली आणि म्हणाली, अरे हे तर गंगा-जमुना काठासारखं झालं, एक बाजू एक रंग दुसरी बाजू दुसरा. तेव्हापासून घरात त्या सैनिकांचं नाव गंगा-जमुनावाले असंच पडलंय.

आता रंग निवडण्यापासून सुरू करू कारण निम्मं काम इथेच बिघडतं. पहिला नियम, दोन्ही बेस कलर, म्हणजे खालचे मूळ रंग, थेट बाटलीतले घ्या, मिक्स करू नका. मिक्स केलेला रंग दिसायला भारी असतो पण तो दुसऱ्या दिवशी परत तसाच बनत नाही, आणि आपलं सगळं तंत्रच दुरुस्तीवर उभं आहे, तर दुरुस्तीला तोच रंग हाताशी नसेल तर रेषेच्या कडेला ठिगळं दिसतात. मी वालेहो कंपनीच्या मॉडेल कलर रंगांमधला ब्लॅक रेड, नंबर ७०.८५९, आणि मीडियम ब्लू, नंबर ७०.९६३, वापरतो. (नावाचा उच्चार स्पॅनिशमध्ये बायेहो वगैरे आहे म्हणे, पण पुण्यात सगळे वालेहोच म्हणतात आणि दुकानदारालाही तेच कळतं.) नुसता ब्लॅक रेड थोडा काळपट वाटतो, तुतीपेक्षा सुकलेल्या रक्ताकडे झुकतो, पण हायलाइटमध्ये, म्हणजे उंचवट्यांवरच्या उजळ छटेत, गुलाबीसर जांभळा आणला की जमून जातं.

दुसरी गोष्ट, दोन रंगांत उजळ-गडदचा फरक पुरेसा पाहिजे. गडद मरीशेजारी गडद नेव्ही ब्लू लावला तर हातात धरून छान दिसतं आणि टेबलावर ठेवून तीन फुटांवरून बघितलं की सगळा एकच काळसर गोळा. तुम्ही कितीही बारकाईने रेष आणा, कोणाला ती दिसणारच नाही. म्हणून दोन्ही रंगांचा एकेक ठिपका कागदावर टाका, फोनने फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. दोन ठिपके सारखेच करडे दिसले तर एक रंग उजळ घ्या. मी निळा उजळ केला तो याच कारणासाठी, इतिहास नंतर.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, करडा बरा. पांढरा-हिरवा करणार असाल तर पांढरा किंवा अगदी फिका करडा. स्प्रे मारत असाल तर पावसाळ्यात मारू नका, जुलैमधल्या दमट हवेत मारलेला प्रायमर वाळूसारखा खरखरीत बसला माझ्या बारा फिगर्सवर, आणि खरखरीत पृष्ठभागावर सरळ रेष येतच नाही, रंग त्या दाण्यांमधून पाझरत जातो. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरतो, दोन पातळ हात, मध्ये रात्रभर वाळू द्यायचं. आणि गाड्यांच्या दुकानातला स्प्रे वापरणार असाल तर आधी बॉक्समधल्या रिकाम्या फ्रेमच्या तुकड्यावर मारून बघा, काही स्प्रे प्लास्टिक चिकट करून टाकतात.

आता उजवं-डावं. हसू नका, सगळ्यात जास्त माती इथेच खाल्ली जाते. हेराल्ड्रीमध्ये, म्हणजे घराण्यांच्या चिन्हांच्या शास्त्रात, उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची नाही. आपल्याकडे उजव्या सोंडेचा गणपती म्हणतो तेव्हा मूर्तीची उजवी बाजू धरतो की नाही, आणि दर वर्षी कोणीतरी काका दुकानात त्यावरून घोळ घालतातच, तसंच आहे हे. सैनिक समोरून बघताना त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला, आणि पाठ रंगवायला फिरवला की त्याची उजवी तुमच्याही उजव्या हाताला. समोरून बरोबर रंगवून झाल्यावर पाठीमागे डोकं न वापरता तसंच चालू ठेवलं की खांद्यावर दोन रंग एकमेकांवर येऊन धडकतात. मी फिगर औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर ब्लू-टॅक नावाच्या चिकट पुट्टीने चिकटवतो आणि झाकणाच्या कडेला मार्करने त्याच्या उजव्या हाताखाली «म» आणि डाव्याखाली «नि» लिहितो. मरी, निळा. हे एका मिनिटाचं काम आहे, प्लीज करा.

मग रेष कुठून जाणार ते ठरवायचं, आणि हे ब्रश हातात घ्यायच्या आधी. नवीन माणूस काय करतो, मान ते पाय एक उभी सरळ रेष मनात धरतो, जणू गवंड्याने ओळंबा सोडलाय. पण सैनिक काही सरळ उभा नसतो, तो बिल उगारतोय, धनुष्य ओढतोय, कमरेत वळलेला आहे. रेष त्याच्या शरीराबरोबर वळली पाहिजे कारण ती कापडाची शिवण आहे, आणि शिवण माणसाबरोबर वळते. तर पुढून तीन खुणा शोधा: गळ्याचा खळगा, बेंबी जिथे असेल ती जागा, आणि दोन मांड्यांच्या मधला बिंदू. पाठीमागे मानेचं हाड, कण्याचा मध्य, आणि ढुंगणाच्या फटीचं वरचं टोक. बऱ्याच जॅकेटांवर पुढे बंद किंवा बटणं कोरलेली असतातच, मग तर शिल्पकाराने तुमचं काम करूनच ठेवलंय, बंदांच्या जोडाबरोबर जायचं, त्याच्याशी भांडायचं नाही.

या खुणांवर उजळ रंगाचे अगदी पातळ ठिपके द्या. पेन्सिल वापरू नका, म्हणजे गडद रंगाखाली चालते, पण पांढऱ्या किंवा पिवळ्याखाली ग्राफाइट करडं होऊन वर येतं आणि मग ते झाकता झाकता थर चढतात. ठिपके दिले की फिगर हात लांब करून धरा, एक डोळा मिटा, गळ्याच्या ठिपक्यापासून खालच्या ठिपक्यापर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरून बघा. बेंबीचा ठिपका दोऱ्याच्या बाजूला पडला तर तो कमरेतला पीळ आहे, तिथे रेष हलकी वळणार. जॅकेटच्या खालच्या घेराला चुण्या असतील तर रेष एखाद्या चुणीच्या खोलात उतरवा, उंचवट्यावर नको. खोलात उतरलेली रेष थोडी चुकली तरी सावली ती खाऊन टाकते, उंचवट्यावरची चुकलेली रेष मात्र चारचौघात ओरडते.

ब्रशबद्दल फार पाल्हाळ लावत नाही, फक्त एवढंच की ट्रिपल झीरो, म्हणजे अगदी बारीक नंबरचा, घेऊ नका. सगळ्यांना वाटतं बारीक रेषेला बारीक ब्रश, पण एवढ्याशा केसांत रंग मावतो किती, तर जेमतेम एक ठिपका, आणि तो पॅलेटपासून फिगरपर्यंत जाईपर्यंत वाळतो. एप्रिल-मेमध्ये पंखा चालू असेल तर विचारूच नका. एक किंवा दोन नंबरचा, पोट भरलेला आणि टोक सुईसारखं येणारा सेबल ब्रश घ्या. रेष टोकाने येते, पोट फक्त पाण्याची टाकी आहे. पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर बघितलेत का कधी, त्यांच्या हातातला ब्रश काही एका केसाचा नसतो, टोक चांगलं असतं आणि मनगट टेकलेलं असतं, संपलं. मनगट टेकवा हे तर मी प्रत्येकाला सांगतो: दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही तळव्यांचा खालचा भाग एकमेकांना चिकटलेला, एका हातात झाकण आणि दुसऱ्यात ब्रश. मग हात थरथरले तरी दोन्ही एकत्र थरथरतात आणि टोक जागेवर राहतं.

पॅलेट ओला पाहिजे कारण दोन्ही रंग शेवटपर्यंत जिवंत ठेवायचेत. बाजारातला महागडा घ्यायची गरज नाही, चपटा डबा, त्यात ओला स्पंज किंवा किचन टॉवेलच्या चार घड्या, वर बेकिंगचा बटर पेपर. झाकण लावलं की रंग दोन दिवस राहतो. पावसाळ्यात आत बुरशी येऊन वास मारतो, तेव्हा जुनं तांब्याचं नाणं पाण्यात टाकून ठेवा, फरक पडतो. माझ्याकडे आजोबांच्या पेटीतला एक पैसा आहे तो हेच काम करतो, नाणेसंग्राहक मित्र बघून हळहळतो.

रंग किती पातळ? साय काढलेल्या दुधाइतका. ब्रश भरल्यावर एकदा टिश्यूला हलकाच टेकवायचा, जादा पाणी तिथे सोडायचं, आणि मग फिगरवर. हे टेकवणं विसरलात तर पहिल्या स्पर्शाला थेंब सुटतो, कोरलेल्या बंदांच्या फटीतून पळत जातो आणि पलीकडच्या अर्ध्यात शिरतो.

आता प्रत्यक्ष. उजळ रंग आधी. माझ्याकडे निळा उजळ, तर निळा आधी. ठिपक्यांपर्यंत थांबायचं नाही, बिनधास्त एक मिलिमीटर पलीकडे जायचं, दोन पातळ हात, सरळपणाची अजिबात फिकीर न करता. कारण साधं आहे, गडद रंग उजळावर दोन हातांत बसतो, उजळ रंग गडदावर चार हातांतही नीट बसत नाही. पिवळा असेल तर हे तिप्पट खरं. पूर्ण वाळू द्या, पूर्ण म्हणजे पूर्ण, अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरला की तो सोलून निघतो.

मग गडद. थेट रेषेवर जाऊ नका. आधी रेषेपासून मिलिमीटरभर लांब राहून सगळा अर्धा भाग भरून काढा, बाही, काखेखालचं, सगळं. आता मध्ये एक बारीक निळी पट्टी उरलेली आहे जी मरीच्या हद्दीत आहे. ती पट्टी रेषेकडे सरकत सरकत भरायची. ब्रश असा धरा की त्याचं पोट स्वतःच्या रंगावर पडलेलं आणि टोक फक्त रेषेला शिवतंय. म्हणजे घसरलाच तर स्वतःच्याच रंगात घसरेल. बाजू उलटी येत असेल तर हात वाकडा करू नका, फिगर उलटी करा, डोकं खाली पाय वर. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण खरं तर डोकं खाली असलं की मेंदू त्याला माणूस समजायचं बंद करतो आणि फक्त रेष बघतो, ती सरळ आहे की नाही ते पटकन कळतं. ब्रश नेहमी स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही. एका दमात पूर्ण लांबी ओढायचा हट्ट नको, गळा ते बेंबी एक ओढ, श्वास सोडत, मग बेंबी ते खाली दुसरी.

झालं. आता बघा. वाकडं दिसतंय ना? दिसणारच. माझंही दिसतं. इथे बरेच जण वैतागून फिगर बाजूला ठेवतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे जिथे चुकलंय तिथे लगेच ओला रंग फासतात. ताजी चूक असेल, रंग अजून चमकतोय, तर स्वच्छ ओलसर ब्रशने ती उचलून घ्या, बोळा फिरवल्यासारखी. वाळली असेल तर हात लावू नका, पाणी प्या, दुसरी फिगर घ्या. मग परत येऊन निळा. आता निळ्याने मरीत घुसलेले फुगवटे नाही, मरीने निळ्यात घुसलेले फुगवटे मागे ढकलायचे, फक्त तेवढेच, बाकी रेषेला स्पर्शही करायचा नाही. वाळलं की मरीने उलट. प्रत्येक फेरीत चूक साधारण निम्मी होते. पहिल्या फेरीला अर्धा मिलिमीटर, दुसऱ्या फेरीला पाव, तिसऱ्या फेरीनंतर ती कोणाला दिसत नाही, तुम्ही सोडून. माझ्या बहुतेक फिगर्सना तीन फेऱ्या लागतात, पांढऱ्या-हिरव्याला चार. या दुरुस्त्या नेहमीपेक्षाही पातळ रंगाने करा, दोन वेळा लावा, कारण जाड रंगाने केल्या तर रेषेवर बांध उभा राहतो, शेताच्या बांधासारखा, आणि मग शेडिंग करताना तो बांध उजेडात येतो.

शेडिंगचं एक दुःख आहे. एरवी आपण काय करतो, फिगरवर तपकिरी वॉश, म्हणजे खोलगटात उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग, ओतला की सावल्या आपोआप. इथे तसं केलं तर वॉश त्या जोडाच्या रेषेतच जाऊन साचतो, निळ्या बाजूला कळकट करतो, आणि पांढरं असेल तर ते चहा सांडल्यासारखं दिसतं. दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळा वॉश द्या: मरीला गडद तपकिरी-जांभळा, निळ्याला गडद निळा, पांढऱ्याला अगदी फिका करडा-निळसर, आणि तोही फक्त चुण्यांच्या खोलात, रेषेपासून मिलिमीटरभर आधी थांबून. एक अर्धा वाळेपर्यंत दुसऱ्याला हात नाही. वॉश झाल्यावर रेषेची शेवटची फेरी ठेवा, आधी नाही, कारण वॉशने रंग किंचित बदलतो आणि आधी केलेली दुरुस्ती वाया जाते. मी हे कितीतरी फिगर्सनंतर शिकलो, तुम्हाला फुकट.

हायलाइट दोन्ही बाजूंना सारख्या ताकदीचा द्या. एका बाजूला तीन शेड आणि दुसरीला एक असं केलंत तर एक अर्धा फुगलेला आणि दुसरा चपटा दिसतो, जणू दोन वेगवेगळे सैनिक चिकटवलेत. आणि रेषेच्या अगदी कडेवर हायलाइट नको, कापडाच्या उंचवट्यांवर द्या, रेषेला शांत राहू द्या.

काही लोक दोन रंगांच्या मधून एक बारीक काळी रेघ ओढतात, त्याने थरथर झाकली जाते. चिलखतावर, जिथे खरंच दोन पत्रे जोडलेत, तिथे मला ती आवडते. कापडावर काळी नको, फार कार्टूनसारखं होतं, त्याऐवजी गडद रंगाचाच आणखी गडद शेड घ्या, मरी असेल तर त्यात जरासा काळा, आणि केसाइतकी रेघ जोडावर. इथे मिक्स चालतं कारण ही रेघ नंतर दुरुस्त करायची नसते. शिवण असल्यासारखीच दिसते ती.

आणि अजून एक प्रामाणिक फसवेगिरी सांगतो. या सैनिकांच्या छातीवर सरदाराचं चिन्ह असायचं, यॉर्कच्या चौथ्या एडवर्डचा पांढरा गुलाब, तिसऱ्या रिचर्डचं पांढरं रानडुक्कर. रिचर्डने १४८३ मध्ये मुलाला यॉर्कमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स करण्याच्या सोहळ्यासाठी अशी कापडावरची रानडुकरं तब्बल १३,००० मागवली होती. तर चिन्ह कुठे रंगवायचं? जिथे रेष सगळ्यात वाईट आलीय तिथे, सरळ वर. गुलाब असेल तर अजूनच सोपं, पाच ठिपके गोलात आणि मध्ये एक पिवळा. बर्गंडीवाल्यांचा तिरपा लाल क्रॉस पण असाच उपकारी, त्याचे दोन हात जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू बरोबर रेषेवर येतो, म्हणजे छातीच्या मधला सगळा अवघड भाग लालखाली जातो. फक्त क्रॉस देताना आधी फिक्या करड्याने दोन पातळ रेघा ओढून घ्या, लाल नुसता निळ्यावर टाकला तर विटकरी होतो.

मास्किंग टेपबद्दल सगळे विचारतात. चुण्या असलेल्या कापडावर टेप लावूच नका, ती चिकटतच नाही आणि खालून रंग शिरतो. टेप सपाट गोष्टींसाठी: ढाली, धनुष्यवाल्यांसमोर उभी करायची मोठी पाविस ढाल, गाड्या, झेंडे. तामियाची ६ मिलिमीटरची टेप चांगली, पण रोलची कडा तशीच वापरू नका, तिला धूळ चिकटलेली असते. काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने ताजी कडा कापा. पहिला रंग पूर्ण वाळल्यावर टेप लावा, टूथपिकने कडा दाबा, आणि मग दुसरा रंग लगेच मारू नका, आधी टेपच्या कडेवरून पहिलाच रंग पुन्हा एकदा फिरवा. पाझरायचं असेल ते त्याच रंगाचं पाझरेल, फट बुजेल, आणि त्यावर दुसरा रंग दिला की कडा सुरीने कापल्यासारखी येते. टेप काढताना वर ओढू नका, स्वतःवरच मागे दुमडत काढा, दुसरा रंग अजून पूर्ण कडक व्हायच्या आत.

चार भागांत वाटलेल्या स्कीम्स, म्हणजे छातीचा डावा-उजवा वेगळा आणि कमरेखाली परत उलटे, त्या वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड हा भविष्यातल्या युद्धांचा खेळ खेळणाऱ्यांना माहीत असतील. त्यातल्या हाउलिंग ग्रिफन्स तुकडीचे लाल-पिवळे, नोव्हामरीन्स तुकडीचे निळे आणि हाडाच्या रंगाचे. तिथे एका बाबतीत सोपं आहे, चिलखताचे पत्रे वेगळे आहेत, बऱ्याच ठिकाणी रेष कोरलेल्या कडेवरच संपते. खांद्याचे पॅड, पाठीवरची बॅग, डोकं हे आधी चिकटवू नका, वेगळं रंगवा. अवघड फक्त छाती आणि हेल्मेट, बाकी वरचंच सगळं लागू. पिवळ्याखाली मात्र फिका गुलाबी किंवा क्रीम द्या, करड्यावर पिवळा म्हणजे आजारी माणूस. आणि कागदावर आधी एक चौकटीचा माणूस काढून कुठला भाग कुठला रंग ते भरून समोर चिकटवा, कारण तिसऱ्या फिगरला तुम्ही डाव्या मांडीला लाल देणारच आणि ती पिवळी पाहिजे असणार.

एका वेळी किती घ्यायच्या? मी सहा घेतो. सहाव्याला निळा लावून होईपर्यंत पहिला वाळलेला असतो, थांबावं लागत नाही. बारा घेतल्या तर नवव्या फिगरला कंटाळा येतो आणि कंटाळलेल्या हाताची रेष लगेच ओळखू येते. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे लहानपणी आम्ही एका बसणीत वीस-वीस रंगवायचो, फेटे भगवे, अंगरखे पांढरे, कुणाच्या मिशा गालावर, पण तिथे किल्ला दुसऱ्या दिवशी उभा करायचा असायचा. इथे घाई कसली, ती माणसं साडेपाचशे वर्षं थांबलीच आहेत.

शेवटी मॅट वार्निश. चमक राहिली तर रेषेवर उजेड चकाकतो आणि सगळा बांध दिसतो. ब्रशने लावायचं असेल तर एका अर्ध्यावरून दुसऱ्यावर ब्रश नेऊ नका, रेषेला समांतर लावा, आणि बाटली आधी नीट हलवून घ्या, नाहीतर तळाला बसलेली मॅट करणारी पूड वर येत नाही आणि तुम्ही मॅट म्हणून ग्लॉसच लावून ठेवता. माझ्याकडे एक बिलवाला आहे, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा, त्याची पाठ उलटी रंगलेली आहे, मरीच्या जागी निळा. वार्निश झाल्यावर लक्षात आलं. आता तो पाठ भिंतीकडे करून उभा असतो.